वाचक विचारतात: सलूनमधलं प्रेम आणि हरवलेल्या तबकड्या

दोन अंकांपूर्वी 'अ कॉटेज ऑन डार्टमूर' या १९२९ च्या ब्रिटिश पिक्चरबद्दल मी जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतक्या ईमेल आल्या की यावेळचं अख्खं सदर त्या एकाच पिक्चरला आणि त्याच्या आजूबाजूच्या काळाला द्यायचं ठरवलंय. ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी गोष्ट आधी सांगून टाकते, शेवटासकट, कारण शेवटाबद्दलही प्रश्न आलेत, तेव्हा ज्यांना आधी पिक्चर बघायचाय त्यांनी अंक बाजूला ठेवा आणि बघून मग या.

जो हा सलूनमध्ये कामाला असलेला न्हावी, सॅली तिथेच गिऱ्हाइकांची नखं करणारी मुलगी. जोचा तिच्यावर जीव. तिचं काय ते तिचं तिलाच नक्की कळत नसतं, आणि तेवढ्यात डार्टमूरच्या माळावरचा हॅरी नावाचा शेतकरी गिऱ्हाईक म्हणून येतो आणि मग परत परत यायला लागतो. सॅली आणि हॅरीचं जुळतं, तिच्या बोटात अंगठी दिसते, आणि नेमका त्यावेळी हॅरी खुर्चीत असतो आणि जोच्या हातात वस्तरा. हॅरी वाचतो, जो डार्टमूरच्या तुरुंगात जातो, तिथून पळतो आणि माळ तुडवत थेट सॅलीच्या घरात येऊन उभा राहतो, ती बाळाला अंघोळ घालत असते. पिक्चर खरंतर इथूनच सुरू होतो, ती त्याला बघून 'जो!' म्हणते आणि गोष्ट मागे जाते. शेवटी नवरा-बायको मिळून त्याला पळायला मदत करतात, तो निघतोही, पण मग मागे फिरतो, शिपायांच्या गोळ्यांसमोर येतो आणि सॅलीच्या कुशीत जीव सोडतो.

आता प्रश्न.

प्रश्न (कोल्हापूर): तुमचं वाचून पिक्चर बघितला. त्यात सॅली आणि हॅरी थिएटरात जातात तो सीन भला मोठा आहे, पण पडद्यावर काय चाललंय ते एकदाही दाखवत नाहीत. मी दोनदा मागे घेऊन बघितलं, मला वाटलं माझ्या कॉपीत काहीतरी कापलंय. असं का केलं असेल?

कापलेलं नाहीये, तो सीन तसाच आहे, आणि माझ्या मते अख्ख्या पिक्चरचा जीव तिथेच आहे.

आधी काळ लक्षात घ्या. अमेरिकेतला 'द जॅझ सिंगर' हा गाजलेला बोलपट लंडनमध्ये सप्टेंबर १९२८ मध्ये लागला, आणि त्यानंतर वर्षभरात तिथल्या सगळ्या स्टुडिओंची झोप उडाली, कारण मूकपट बनवून तयार होते, डबे भरलेले होते आणि लोकांना एकदम बोलपट हवे झाले होते. डिरेक्टर अँथनी ॲस्क्विथ तेव्हा सत्ताविशीचा मुलगा, वडील ब्रिटनचे माजी पंतप्रधान, आणि हा पोरगा सिनेमाच्या नादाने हॉलिवूडला जाऊन मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या तिथल्या बड्या स्टार जोडप्याच्या घरी पाहुणा राहून आलेला, लंडनच्या फिल्म सोसायटीत रशियन, जर्मन पिक्चर बघून बघून तयार झालेला. मूकपट म्हणजे काय हे त्याला आता कुठे हाताला लागलं होतं आणि तेवढ्यात सगळा खेळच बदलला. तर त्याने काय केलं, तर त्याच्या पात्रांनाच बोलपट बघायला पाठवलं.

आता तो सीन परत एकदा सावकाश बघा. आधी कॉमेडी मूकपट चालू असतो, गोल चष्म्यावरून ओळखल्या जाणाऱ्या हॅरॉल्ड लॉइडचा, तो पडद्यावर दिसत नाही पण आपल्याला कळतं, कारण प्रेक्षकांत गोल चष्मा लावलेला एक माणूस बसलाय आणि जवळची पोरं पडद्याकडे बघतात आणि याच्याकडे बघतात आणि एकमेकांना कोपराने ढोसतात. तो चष्मेवाला म्हणजे स्वतः ॲस्क्विथ आहे बरं का! सगळं थिएटर हसतंय, मूकपटाला साथ करायला थिएटरात बसलेले वाजवणारे जोरात वाजवतायत, तुकड्यामागून तुकडे इतक्या वेगात येतात की आपल्यालाही हसू येतं, कशाला हसतोय ते माहीत नसताना. मग बोलपट सुरू होतो. वाजवणारे थांबतात (त्यांच्याबद्दल शेवटच्या प्रश्नात). आणि प्रेक्षकांचे चेहरे बघा, सगळे एकदम ताठ, माना पुढे, कान देऊन बसलेले, कारण आता ऐकावं लागतंय. एका म्हाताऱ्या बाईंना नीट ऐकू येत नाही, त्या कानाला कर्णा लावून बसल्यात.

आणि या सगळ्यांच्या मागे जो बसलाय. तो पडद्याकडे बघतच नाहीये, तो पुढच्या रांगेतल्या त्या दोघांकडे बघतोय. थिएटर हसतं तेव्हा तो हसत नाही, आणि सगळे गप्प होतात तेव्हाही त्याच्या चेहऱ्यात काही फरक पडत नाही. पडदा दाखवला असता तर आपणही पडदा बघत बसलो असतो हो, बाकीच्या प्रेक्षकांसारखे. दाखवला नाही म्हणून आपल्याला माणसांकडे बघावं लागलं, आणि माणसांकडे बघता बघता जो सापडला. मला तरी याच्याइतकं नेमकं कारण दुसरं दिसत नाही.

प्रश्न (पुणे, कॉलेजची विद्यार्थिनी): तुम्ही याला प्रेमकथा म्हणालात. आम्ही चार मैत्रिणींनी मिळून बघितला आणि आमचं भांडण झालं. आपल्याकडे एकतर्फी प्रेमातून मुलींवर हल्ले झाल्याच्या बातम्या येतच असतात, आणि इथे नकार न पचलेला माणूस वस्तरा चालवतो आणि शेवटी मुलीच्या कुशीत मरतो, आणि आपण त्याच्यासाठी रडायचं? हे प्रेम कसं?

तुमचं भांडण झालं ते बरंच झालं, या पिक्चरवर भांडण व्हायलाच पाहिजे.

जोचं वागणं मी प्रेम म्हणून खपवणार नाही. पण ही प्रेमकथा का म्हणाले ते सांगते. सुरुवातीला जो आणि सॅलीची एक संध्याकाळ आहे, ती राहते त्या बोर्डिंग हाऊसच्या बैठकीच्या खोलीत, आजूबाजूला बाकीची भाडेकरू मंडळी, आणि दोघं अवघडून बसलेत, याला काय बोलावं सुचत नाही, हात कुठे ठेवावेत कळत नाही. ज्याला बोलता येत नाही अशा माणसाची ती गोष्ट आहे. सलूनमध्ये गिऱ्हाइकांशी तोच माणूस अखंड बोलत असतो, सगळ्या न्हाव्यांसारखा, आणि त्याची ती बडबड दाखवायला मध्येच क्रिकेटची वगैरे दृश्यं घातलीत, म्हणजे तोंड चालू आहे पण आत काहीच नाही. जिथे खरं बोलायचं तिथे मात्र मुका. मूकपटात हे जितकं पोचतं तितकं बोलपटात पोचलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

आता वस्तऱ्याचा सीन. तुम्ही म्हणता पिक्चर जोच्या बाजूने आहे, तर इथे बघा कॅमेरा काय करतो. जो वस्तऱ्याला धार लावतोय, खुर्चीत हॅरी मान मागे टाकून निवांत, गळा उघडा. आपण हॅरीच्या जागी बसतो, जोच्या नाही. ज्याने कुणी सलूनच्या खुर्चीत डोळे मिटून गळ्यावर पातं फिरवून घेतलंय त्याला तो सीन बघताना गळ्याशी गार लागतंच. आणि प्रत्यक्ष वार दाखवलेला नाही, मध्येच एक ताणलेली दोरी तुटते, आणि मग गोंधळ. जोचं डोकं फिरलं ते दाखवलं, पण त्या वारात काही मर्दुमकी आहे असं कुठेही दाखवलेलं नाही. आपल्याकडच्या कितीतरी पिक्चरमध्ये मागे लागणारा हिरो गाणं म्हणत मागे लागतो आणि शेवटी मुलगी हो म्हणते, तसं इथे घडत नाही, सॅली नाही म्हणते आणि ते नाहीच राहतं, आणि तिचं लग्न, घर, मूल हे सगळं पिक्चर शिक्षा न देता तिला देतो. १९२९ साली ही लहान गोष्ट नव्हती.

शेवटाबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे. सॅली त्याला लपवते, हॅरी स्वतःच्या गळ्यावर वार करणाऱ्याला वाट दाखवतो, इथपर्यंत मला पटतं, भीती आणि दया दोन्ही एकाच चेहऱ्यावर नोरा बेरिंगने फार सुंदर आणलीय. पण तिचा राग कुठाय? तिला एकदा तरी चिडायला मिळायला हवं होतं. जो मागे फिरून मरण पत्करतो त्यात त्याची सुटका होते, पण त्याचं मरण तिच्या दारात येऊन पडतं आणि ते तिला जन्मभर सांभाळावं लागणार, याचा विचार त्या शेवटात नाहीये. हे मला दरवेळी खुपतं. तरी मी तो पिक्चर परत परत बघते, ते त्या बोर्डिंग हाऊसमधल्या अवघडलेल्या संध्याकाळीसाठी आणि थिएटरच्या सीनसाठी.

प्रश्न (नाशिक): विकत घेतलेल्या डिस्कवर फक्त पियानो आहे, पण एका ठिकाणी वाचलं की या पिक्चरला आवाज होता. मग तो गेला कुठे? आणि तबकडीवर आवाज म्हणजे नेमकं काय करायचे?

बरोबर वाचलंत. थिएटरच्या सीनपुरता आवाज मुद्रित केलेला होता, म्हणजे पात्रं बोलपट बघतात तेव्हा तो बोलपट आपल्यालाही ऐकू यावा असा बेत होता. तो तबकड्यांवर होता आणि त्या तबकड्या हरवल्या. त्यामुळे आज तो सीन बघताना आपण सगळेच त्या कर्णावाल्या म्हाताऱ्या बाईंसारखे, लोक काहीतरी ऐकतायत हे दिसतं, काय ते कळत नाही. डिस्कवरचा पियानो स्टीव्हन हॉर्न यांचा असेल, ते मूकपटांना साथ करण्यातले फार जाणते कलावंत आहेत, आणि वस्तऱ्याच्या सीनला तर डोळे मिटून नुसता पियानो ऐका एकदा.

तबकडीची पद्धत अशी. पिक्चरच्या रिळाबरोबर एक मोठी ग्रामोफोनची तबकडी यायची, १६ इंच व्यासाची, मिनिटाला ३३ १/३ फेरे फिरणारी, एका रिळाला एक, साधारण ११ मिनिटांची. सुई आतल्या बाजूला खुणेच्या जागी ठेवायची आणि ती बाहेरच्या बाजूला सरकत जायची, आपल्या घरच्या रेकॉर्डच्या उलट. प्रोजेक्टर आणि तबकडी एकाच मोटरवर. आता यात गोम अशी की फिल्म मध्येच तुटली आणि ऑपरेटरने चार फ्रेम कापून जोडली की तिथून पुढे ओठ आणि आवाज यांचा मेळच बसायचा नाही, म्हणून जेवढी फिल्म गेली तेवढीच काळी फिल्म मध्ये डकवायला लागायची. सुई उडाली तर विचारूच नका, हिरॉईनच्या तोंडी हिरोचा आवाज. शिवाय तबकड्या झिजायच्या, फुटायच्या, आणि रिळं एकीकडे तर तबकड्या दुसरीकडे जायच्या. थोड्याच वर्षांत फिल्मच्या कडेलाच आवाजाची पट्टी छापायची पद्धत सगळीकडे आली आणि तबकड्या गेल्या. पण या मधल्या दोन-तीन वर्षांतले कितीतरी पिक्चर असे अर्धे उरलेत, चित्र आहे तर आवाज नाही, आणि काहींचा आवाज आहे तर चित्रच नाही.

प्रश्न (ठाणे): कलाकार इंग्रज वाटत नाहीत. माझा नवरा म्हणतो हॅरीचं तोंड जर्मन आहे. खरं का?

तुमच्या मिस्टरांची नजर चांगली आहे! हॅरी झालेला हान्स श्लेट्टो जर्मन, जो झालेला ऊनो हेनिंग स्वीडिश, आणि सॅली झालेली नोरा बेरिंग तेवढी इंग्लिश. पिक्चरला स्वीडिश कंपनीची भागीदारी होती म्हणून हे असं. डार्टमूरच्या माळावरचा शेतकरी जर्मन आणि इंग्लिश सलूनमधला न्हावी स्वीडिश, आणि मूकपटात कुणाला याचं काही वाटायचं कारणच नव्हतं, संवाद लिहिलेल्या पाट्या मध्ये मध्ये यायच्या त्यांची भाषा बदलली की पिक्चर कुठल्याही देशात चालायला मोकळा.

आवाज आला आणि हे सगळं एका झटक्यात गेलं. १९२९ मध्येच हिचकॉकचा 'ब्लॅकमेल' आला, तो आधी मूकपट म्हणून चालू झालेला आणि मग बराचसा बोलका केलेला. त्याची हिरॉईन ॲनी ओंड्रा प्राग शहरातली, लंडनच्या दुकानदाराची मुलगी म्हणून दिसायला एकदम चपखल, पण बोलायला लागली की उच्चार चेक. आज आपण म्हणू डबिंग करा, पण तेव्हा आवाज नंतर चढवायची सोय नव्हती, म्हणून जोन बॅरी नावाची नटी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभी राहून माइकमध्ये संवाद म्हणायची आणि ओंड्रा नुसते ओठ हलवायची, दोघी एकाच वेळी. नाटकात प्रॉम्प्टर असतो ना तसंच जवळपास, फक्त इथे प्रॉम्प्टरचा आवाज हाच नटीचा आवाज. त्या पिक्चरचा मूक अवतारही वेगळा काढला होता, कारण बऱ्याच थिएटरांत अजून आवाजाची यंत्रं बसलेलीच नव्हती.

प्रश्न (दादर): याच सुमाराचा एखादा सरळ साधा ब्रिटिश प्रेमपट सांगा ना, वस्तरा, खून, तुरुंग नसलेला. आईला दाखवायचाय.

मग 'किटी'. व्हिक्टर सॅव्हिलचा, १९२९ चाच, वॉरविक डीपिंग यांच्या कादंबरीवरून केलेला. किटी दुकानात काम करणारी मुलगी, तिचं एका श्रीमंत घरातल्या तरुणाशी लग्न होतं, तो पहिल्या महायुद्धात विमानातून लढायला जातो आणि जखमी होऊन, स्मृती घालवून परत येतो, आणि सासूबाई सुनेला त्याच्या जवळ फिरकूही देत नाहीत. पुढचं किटी कसं करते ते आईंनाच बघू द्या. सासू-सुनेची गोष्ट म्हटल्यावर त्या बघतीलच.

हा पिक्चर आधी अख्खा मूक करून झाला होता आणि मग शेवटचा भाग बोलका करायचं ठरलं, तर त्यासाठी कलाकारांना घेऊन सॅव्हिल थेट न्यूयॉर्कला गेला. म्हणजे बघा, पिक्चरभर पाट्या वाचायच्या आणि शेवटी शेवटी ही माणसं एकदम बोलायला लागतात. पहिल्यांदा बघताना दचकायला होतं. आतापर्यंत मनात आपण त्यांना एक आवाज देऊन बसलेलो असतो आणि तो तसा नसतो.

किटी झालेली एस्टेल ब्रोडी ही त्यावेळची ब्रिटनची लाडकी नटी, १९२७ च्या 'हिंडल वेक्स' मध्ये तिने लँकशरच्या कापड गिरणीतली कामगार मुलगी केली होती आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. जन्माने अमेरिकन. गिरणीतली पोर म्हणून मूकपटात शोभली, बोलपट आले आणि तिचं थोड्याच वर्षांत मागे पडणं झालं. मला तिच्याबद्दल फार हळहळ वाटते, तिचा 'हिंडल वेक्स' मिळाला तर तोही आईंना दाखवा, आपल्या गिरणगावाशी नातं सांगणारा पिक्चर आहे तो, सुट्टीत अख्खी गिरणी समुद्राकाठी जत्रेला जाते.

प्रश्न (सांगली): हे सगळं ठीक आहे पण आपल्याशी याचा काही संबंध? की नुसतं साहेबाच्या देशातलं कौतुक?

संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे. 'कॉटेज' काढणारी कंपनी ब्रिटिश इन्स्ट्रक्शनल फिल्म्स. याच कंपनीने हिमांशू राय यांच्याबरोबर आणि जर्मन उफा कंपनीबरोबर 'शिराझ' (१९२८) आणि 'अ थ्रो ऑफ डाइस' (१९२९) काढले, दोन्ही मूकपट, डिरेक्टर जर्मन, फ्रान्झ ऑस्टेन, कलाकार सगळे भारतीय, शूटिंग भारतात. आपल्याकडे दुसऱ्याचं नाव 'प्रपंच पाश', दोन राजे, एक मुलगी आणि द्यूत, महाभारताची छाया पडलेली गोष्ट. म्हणजे एकाच कंपनीच्या एकाच वर्षाच्या कामात एकीकडे डार्टमूरचा माळ आणि दुसरीकडे राजस्थानातले हत्ती. नंतर हिमांशू राय आणि देविका राणी यांचा 'कर्मा' १९३३ मध्ये इंग्लिश आणि हिंदी दोन्ही भाषांत बोलका आला, लंडनमध्ये लागला, आणि मग १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली. या सगळ्या वाटेवर ती ब्रिटिश-जर्मन मंडळी होती, ऑस्टेन तर मालाडला येऊन बरीच वर्षं पिक्चर करत राहिले.

आणि ॲस्क्विथबद्दल एक आणखी. ज्याने बोलपटाला १९२९ मध्ये असं मधोमध थिएटर उभं करून तपासून घेतलं, त्यानेच १९३८ मध्ये लेस्ली हॉवर्डबरोबर 'पिग्मॅलियन' केला, बर्नार्ड शॉच्या नाटकावरून, फुलं विकणाऱ्या मुलीला उच्चार शिकवणाऱ्या प्रोफेसरची गोष्ट. ते नाटक तुम्हाला माहीतच आहे, पुलंनी त्याचीच 'ती फुलराणी' केली. बोलण्यावरचा सगळ्यात गाजलेला पिक्चर मूकपटाच्या या वेड्याने करावा याचा मला खूप आनंद होतो.

प्रश्न (औरंगाबाद): डार्टमूर खरोखर आहे का? तुरुंग पण?

आहे. इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हनमध्ये, ग्रॅनाइटचा उंच माळ, धुकं, दलदल, झाड विरळ. तुरुंग प्रिन्सटाउन गावात, नेपोलियनशी लढाया चालू असताना युद्धकैद्यांसाठी १८०६ ते १८०९ मध्ये बांधलेला. पिक्चरच्या सुरुवातीला जो एकटा पळतोय आणि वर नुसतं आभाळ, ते आठवा.

प्रश्न (सोलापूर): माझे आजोबा मूकपटाच्या थिएटरात पडद्याशेजारी पेटी वाजवायचे. बोलपट आले आणि त्यांची नोकरी गेली, नंतर ते भजनी मंडळात वाजवायचे पण थिएटरात पुन्हा पाऊल टाकलं नाही असं वडील सांगायचे. 'कॉटेज' मधले वाजवणारे वाद्यं खाली ठेवून पत्ते खेळायला लागतात तो सीन बघून मला रडू आलं. तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नव्हतं म्हणून विचारते, तो सीन गंमत म्हणून आहे का?

ताई, तुमची मेल मी दोन वेळा वाचली आणि म्हणूनच ती शेवटाला ठेवली.

तो सीन बघताना लोक हसतात. मूकपट चालू असताना हीच माणसं घामाघूम होऊन वाजवत असतात, नजर पडद्यावर, हात वाद्यावर. मग बोलपट सुरू होतो आणि ते एकेक करून वाद्यं बाजूला ठेवतात, सँडविच काढतात, बियर ओततात, पत्ते पिसतात. कुणाच्या चेहऱ्यावर दुःख नाही, सुट्टी मिळाल्यासारखे बसलेत, कारण त्यांना अजून कळलेलं नाही. पण ॲस्क्विथला कळलं होतं. पिक्चर तयार होत होता त्याच महिन्यांत ब्रिटनमध्ये थिएटरांचे वाद्यवृंद बंद होत होते, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथल्या हजारो वादकांची कामं गेली. वाजवणाऱ्यांचं जग संपत असताना त्यांच्यावर कॅमेरा रोखून ठेवणारे डिरेक्टर फार नव्हते, याने ठेवला, तोही घाई न करता, पत्ते वाटून होईपर्यंत. मला ती गंमत वाटत नाही.

आपल्याकडे हेच थोडं उशिरा झालं. १४ मार्च १९३१ ला मुंबईत मॅजेस्टिकला 'आलम आरा' लागला, पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलायला लागला, आणि गाणी तर आता पडद्यातूनच यायला लागली, मग पडद्याशेजारच्या पेटी-तबल्याची गरज कुणाला. बोलपटाचा इतिहास लिहिताना आपण गोविंदराव टेंब्यांचं संगीत, दुर्गाबाई खोट्यांचं काम हे लिहितो आणि ते लिहिलंच पाहिजे, पण पडद्याशेजारी बसून वाजवणाऱ्यांची नावंसुद्धा बहुतेक कुठे नोंदलेली नाहीत. मारामारीला कुठली चाल, राम वनवासाला निघाला की कुठला राग, हे त्यांनी रोज दोन-दोन खेळांना आपल्या मनानेच ठरवलेलं असणार, आणि त्यातलं काहीही कागदावर नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती. वडिलांनी सांगितलेलं जे जे आठवतंय ते लिहून काढा, थिएटर कुठलं, महिन्याला काय मिळायचं, रात्री किती वाजता घरी यायचे, काहीही, क्रम लावू नका, जसं आठवेल तसं. आणि आजोबांची ती पेटी अजून घरात असेल तर तिचा एक फोटो काढून पाठवा, भाता फाटलेला असला तरी चालेल.